पुरुषांच्या बाजूला

इन्शिराहच्या उजव्या तळहातातली गाठ पुन्हा वाढली, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या सर्जननी हात कोपराखालून काढला. कापलेला अवयव मातीला द्यायचा ही रीतच. मुलगा शहाता तो पांढऱ्या फडक्यात बांधून घराण्याच्या कबरीत, पुरुषांची आणि बायकांची खोली वेगळी असलेल्या तळघरात, ठेवून आला. बाई लवकर सावरली. डाव्या हाताने चहा ओतू लागली, सांडू लागली, त्यावर स्वतःच हसू लागली. आता रशीद गावी बहिणीकडे कायमचं राहायला जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिच्या नवऱ्याने, अब्दुलकवीने, हयातीत तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. ती दाराकडे निघाली की तो फक्त तिचं उजवं मनगट धरायचा आणि अंगठा नाडीवरून सावकाश फिरवायचा. ती मुकाट्याने खाली बसायची. शेजारणी म्हणायच्या, काय जीव लावतो! तिला त्या कौतुकाची शिसारी यायची.

बॅग भरून ती उंबरठ्याशी आली आणि नसलेलं मनगट कुणीतरी धरलं.

"हाज्जा, हात गेलाय हे मेंदूला अजून कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांनाच होतं असं."

"सगळ्यांना दाराशीच होतं?"

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ती पुन्हा निघाली तेव्हा पकड इतकी आवळली की तिला पाऊल टाकवेना.

"शहाता, हात कुठे ठेवलास रे?"

"कबरीतच की."

"बायकांच्या खोलीत ना?"

तो घुटमळला. "त्या बाजूची शिळा हलेना गं. उन्हात कोण खटपट करणार? पुरुषांच्या बाजूला ठेवला, बाबांजवळ. परके का आहेत ते?"

"आत्ता जा. आजीशेजारी नेऊन ठेव. नाहीतर मी या घरातून जिवंत बाहेर पडत नाही."

तो कुरकुरत गेला. इन्शिराह चपला घालून दाराशी बसून राहिली. दुपारची बांग झाली आणि पकड सैलावली. तिला रडूच कोसळलं.

शहाता धुळीने माखून परतला. "झालं तुझ्या मनासारखं. माणसं लावून शिळा हलवली. चल, गाडी बोलावलीय."

"माझ्या राजा!" ती उठली.

"फक्त एक गोष्ट, आई." तो हात धूत म्हणाला. "तेव्हा गाठोडं एका हातात मावलं होतं. आज दोन्ही हात लागले."

"सोडून पाहिलंस?"

"नाही. मी मारलेली गाठ तशीच होती."

बाहेर हॉर्न वाजला. शहाताने बॅग उचलली.

इन्शिराह उंबरठ्यावर थबकली. नाडीवरून अंगठा सावकाश फिरला.

ती मुकाट्याने खाली बसली.