मोतीबंदर कुणी पाहिलं?

"मी आता काळ्या विवरात उडी मारणार! कुणी अडवू नका!" ओमकार ओरडला, आणि कुणी अडवायच्या आत त्यानं मारलीसुद्धा. पडद्यावर भडका उडाला. यान गेलं!

"सतरावं," प्राजक्तानं वहीत फुली मारली. "विवराचा तर्क बाद."

"हौ, बाद. पण मजा आली की नाही?" ओमकारनं उस्मानिया बिस्किट चहात बुडवलं.

"मजा?" तेजश्री कडाडली. "परवा पाच वाजता सगळं बंद होणार, आणि याला मजा सुचतेय!"

दसऱ्याची सुट्टी होती. हैदराबादच्या मलकपेठेत तेजश्रीच्या घरी तिघांचा तळ पडला होता. तेजश्री बारा वर्षांची, नाकावर सदैव राग. ओमकार शेजारचा, तिच्याच वर्गातला, तोंड सदैव चालू. प्राजक्ता जूनमध्ये पुण्याहून आलेली. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

'आकाशवाट' हा खेळ हैदराबादेतच जन्मलेला. त्यात हजारो ग्रह, चंद्र, तारे, आणि कुठेतरी दडलेलं मोतीबंदर! सुरुवातीला एक म्हातारा नावाडी येऊन दोनच वाक्यं बोलायचा: "मागणाऱ्यानं हळू चालावं. मिळालेल्यानं परत यावं." एवढ्यावर देशभरच्या खेळाडूंनी तर्कांचे डोंगर रचले होते. कुणी म्हणे विवरात उडी मारा. कुणी म्हणे सात सूर्यांच्या मधोमध इंधन संपेपर्यंत थांबा. नागपूरच्या एका पठ्ठ्यानं तर ग्रहांच्या अंतरांची बेरीज करून चाळीस पानी निबंध लिहिला होता. बंदर मात्र कुणाला दिसलं नव्हतं.

नाही कसं? एकाला दिसलं होतं! तेजश्रीच्या दादाला, शिवराजला. तीन वर्षांपूर्वी, तो सोळाचा असताना. त्यानं पडद्याचं चित्र सगळ्यांना पाठवलं, आणि कंपनीच्या प्रकाश सरांनी जाहीर केलं की असलं बंदर खेळात नाहीच, चित्र बनावट आहे. झालं! शिवराजचं खातं बंद पडलं आणि नाव पडलं 'फेकू शिवा'. मोठेपणी खेळ बनवायचे म्हणून वह्याच्या वह्या भरणारा मुलगा तो; त्यानं त्या सगळ्या माळ्यावर टाकल्या आणि पुन्हा खाली काढल्या नाहीत.

आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तेजश्री त्याच्या शेजारीच बसली होती. तिनंही बंदर पाहिलं होतं, डोळ्यांनी, धडधडीत! पण नऊ वर्षांच्या पोरीला विचारतो कोण?

आता रविवारी हायटेक सिटीच्या खेळमेळ्यात प्रकाश सर जुनं आकाश कायमचं बंद करून नवा खेळ आणणार होते. एकदा ते बंद झालं की दादा जन्मभर फेकूच राहणार. हा विचार आला की तेजश्री पुन्हा यान उडवायला बसायची.

"पुन्हा सांग, त्या दिवशी काय झालं?" प्राजक्तानं विचारलं.

"विसावा नावाचा चंद्र आहे ना, ओसाड? इंधन कमी होतं म्हणून दादा अगदी हळू त्याच्याभोवती घिरट्या घालत मित्राची वाट बघत होता. एकदम पांढरं शुभ्र दार दिसलं! दादानं चित्र काढलं, यान तिकडे दामटलं, आणि दार गायब."

"मग आपणही घिरट्या घालू की."

"दादानं नंतर खातं बंद होईपर्यंत शेकड्यानं घातल्या! काल आपण पन्नास घातल्या, हळूहळू, स्वयंचालकावर. दिसलं काही?"

तेवढ्यात दारातून ओमकारची आई, शोभामावशी, डोकावल्या. मावशी रेल्वेत नोकरीला. "पोरांनो, उद्या पहाटे चिलकूरला येताय का? बालाजीनं माझी सिकंदराबादची बदली करून दिली, आता मला नवस फेडायला हवा. आणि त्या डबड्यासमोरून उठा जरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिलकूरच्या देवळात ही गर्दी! तरुण मुलं, म्हातारे, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं अडकवलेले ताई-दादा, सगळे देवाभोवती झपाझप चालत होते. मावशींच्या हातात एक ते एकशे आठ आकड्यांचं कार्ड होतं. फेरी झाली की एका आकड्यावर खूण.

प्राजक्ता उत्साहानं निघाली ती थेट गर्दीच्या तोंडावर. चार जणांना धडकली!

"अगं बाई, उलटी कुठे निघालीस?" मावशींनी तिला दंडाला धरून वळवलं. "देव उजव्या हाताला राहायला हवा! पुण्यात प्रदक्षिणा घालत नाहीत का?"

"घालतो हो! गर्दीत गोंधळले," प्राजक्ता ओशाळली. "पण एकशे आठ का?"

"मागायचं असेल तेव्हा अकरा घालायच्या. मिळालं की परत येऊन एकशे आठ. परदेशाच्या व्हिसासाठी अर्धी हायटेक सिटी इथं चालून गेलीय."

तेजश्रीही अकरा फेऱ्यांना लागली. काय मागायचं, हे तिला शोधावं लागलं नाही. 'दादा खरा ठरू दे,' ती प्रत्येक फेरीला पुटपुटत होती. समोर एक आजोबा सावकाश चालले होते, म्हणून तिलाही हळू चालावं लागत होतं.

मागणाऱ्यानं हळू चालावं...

अकराव्या फेरीला ती मध्येच थबकली. मागून ओमकार येऊन आदळला.

"मागायला अकरा! मिळाल्यावर परत यायचं! ओम्या, नावाडी हेच सांगतोय रे! हा खेळ हैदराबादच्या लोकांनी केलाय!"

"पण पन्नास घातल्या की आपण!"

"उलट्या घातल्या! स्वयंचालक चंद्राला डाव्या हाताला ठेवून फिरतो. आणि त्या दिवशी दादाच्या कळफलकाची डावीकडची कळ चालतच नव्हती, म्हणून तो हातानं उजवीकडेच वळत होता!"

"कळ का चालत नव्हती?" प्राजक्तानं विचारलंच.

तेजश्रीचे कान लाल झाले. "मीच तिच्यावर इराणी चहा सांडला होता. दादानं दुसऱ्याच दिवशी नवा कळफलक आणला आणि मग स्वयंचालक वापरायला लागला!"

घरी येऊन तिघांनी चपलाही नीट काढल्या नाहीत. विसावा चंद्र उजव्या हाताला, यान सावकाश. नऊ... दहा... अकरा! काळ्या आकाशात मोत्यासारखं पांढरं दार उजळलं. तिघं श्वास रोखून बघत राहिली. दहा सेकंदांनी दार विझलं.

"चित्र काढलंस?" ओमकार किंचाळला.

"पुन्हा चित्र? म्हणजे आपणही फेकू!" तेजश्रीनं मान हलवली. "हे त्यांच्याच यंत्रावर, सगळ्यांसमोर दाखवायचं. आणि आता मिळालंय, तर एकशे आठ घालून फेडायचंही. दादाचं तेच राहिलं होतं."

तिनं शिवराजला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण नजर वर केली नाही. "जाऊ दे गं तेजू. लोक पुन्हा हसतील. तू कशाला त्यात पडतेस?"

"हसू देत! मला सवय आहे. शाळेत मला फेकूची बहीणच म्हणतात," तेजश्री म्हणाली आणि पाय आपटत निघून गेली.

रविवारी चारलाच मावशी तिघांना घेऊन मेळ्यात हजर! मंचावर भला मोठा पडदा, खाली दोनेकशे माणसं. जुन्या खेळात प्रत्येकाला शेवटची दहा मिनिटं मिळत होती. प्राजक्तानं हिशेब आधीच मांडला होता: एका फेरीला वीस सेकंद, दहा मिनिटांत तीस फेऱ्या. अकरा अधिक एकशे आठ म्हणजे एकशे एकोणीस. चार जण लागणार, आणि ते होते तीन!

"बघू पुढचं पुढे," तेजश्री म्हणाली आणि थेट प्रकाश सरांसमोर उभी राहिली. "सर, आम्ही ओळीनं बसलो तर यान तेच ठेवाल? आम्हाला मोतीबंदर शोधायचंय."

सर खो खो हसले आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला. "ऐका मंडळी! यांना मोतीबंदर हवंय!"

"आणि सापडलं तर?" तेजश्रीनं भोळेपणानं विचारलं.

"सापडलं तर हे आकाश बंद करणार नाही! वर त्या फेकूची इथेच माफी मागेन. झालं समाधान?"

"झालं सर. सगळ्यांनी ऐकलंय हं!"

तेजश्री बसली. एक, दोन, तीन... लोक जांभया देऊ लागले. "गोल गोल राणी!" कुणीतरी ओरडलं. अकरावी फेरी झाली आणि दार उजळलं! सभागृहात एकच गलका उडाला. दहा सेकंदांनी दार विझलं.

"तांत्रिक गडबड!" सर घाईघाईनं म्हणाले. "आत जाता येतं का? नाही ना? मग बंदर कसलं?"

"थांबा तर खरं!" तेजश्रीचं बोट उजव्या कळीवरून हललं नाही. आता खरी फेड सुरू झाली. शोभामावशी कोऱ्या कार्डावर एकेक आकडा खोडत होत्या. तेजश्रीच्या पाळीत एकोणीस झाल्या. प्राजक्ता बसली, एकोणपन्नास. ओमकार बसला, आणि ऐन भरात त्याला अशी शिंक आली की यान भरकटलं आणि फेरी वाया गेली.

"अठ्ठ्याहत्तर!" मावशी ओरडल्या. "तीस राहिल्या!"

"आणि माणूस?" प्राजक्ता रडकुंडीला आली. "चौथं कोण?"

"मी बसते!" मावशींनी पदर खोचला. "यात गिअर कुठे असतो?"

"मावशी, मला बसू द्या."

तेजश्रीनं वळून पाहिलं. शिवराज! धापा टाकत, घामानं निथळत. "घरी बसून मेळ्याचं प्रक्षेपण बघत होतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी तुम्ही हसं करून घ्यायचं, आणि मी घरी बसायचं? नक्को!"

त्यानं कळफलक ओढला. खाली कुजबुज झाली, "अरे, फेकू शिवा!"

"दादा, हळू," तेजश्री त्याच्या शेजारी बसली, अगदी तीन वर्षांपूर्वी बसली होती तशी. "चंद्र उजव्या हाताला."

नव्वद... शंभर... आता सगळं सभागृह मोठ्यानं मोजत होतं. पाचला पाच मिनिटं होती. एकशे सहा! एकशे सात! दहा मिनिटं संपल्याची घंटा वाजायला आणि एकशे आठवी फेरी पुरी व्हायला एकच गाठ पडली.

दार उजळलं, आणि या वेळी उघडलं! आत मोत्यांच्या दिव्यांनी लखलखणारा धक्का होता, आणि धक्क्यावर तोच म्हातारा नावाडी उभा. "परत आलास," तो म्हणाला. "बरं केलंस. मिळालं की बहुतेक जण विसरतात."

शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा! त्यातून एक बाई वाट काढत मंचावर आल्या. "मी नीलिमा. हे बंदर मी बांधलं. माझ्या व्हिसाची फेड करायला चिलकूरला गेले होते, तेव्हा सुचलं." मग त्या सरांकडे वळल्या. "कंपनी सोडताना मी सगळं लिहून दिलं होतं, प्रकाश. सातवं पान वाचलं नाहीस?"

सरांचा चेहरा पडला. "वही कपाटात आहे," ते पुटपुटले, "उघडली नाही."

"आणि न उघडता एका मुलाला खोटं ठरवलंस!" त्या शिवराजसमोर आल्या. "मी इतकी वर्षं परदेशात होते, हे सगळं मला आज इथेच कळलं. बाळ, मलाही माफ कर."

ध्वनिक्षेपक सरांच्याच हातात होता, पळणार कुठे? "शिवराज," ते म्हणाले, आणि हसू पार मावळलं होतं, "तू खरं बोलत होतास. चूक माझी. मी माफी मागतो. जुनं आकाश चालू राहील."

"आणि या तिघांचं कौतुक कोण करणार?" नीलिमाताईंनी तिघांना जवळ ओढलं. "मोठमोठ्यांनी तर्क लढवले, पण आपल्याच गावात डोळे उघडे ठेवून चाललात ते तुम्ही! शाब्बास!"

"माझी शिंक सोडून," ओमकार म्हणाला, आणि मावशींनी त्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेजश्री कोरं कार्ड घेऊन चिलकूरच्या देवळात उभी होती. शेजारी शिवराज. रात्री त्यानं माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या होत्या. केसांत अजून धूळ होती.

"तू कशाला आलास? नवस मी बोलले होते," ती म्हणाली.

"मागितलंस तू, पण मिळालं मला ना? चल. चौपन्न तू, चौपन्न मी."

"असं वाटून चालत नाही! मी विचारलंय मावशींना. एकशे आठ म्हणजे एकशे आठ!"

"मग दोघंही एकशे आठ घालू," शिवराज हसला. तीन वर्षांत पहिल्यांदाच असा मोकळा हसला. त्यानं कार्ड तिच्या हातून घेतलं, देव उजव्या हाताला ठेवला, आणि दोघं बहीणभाऊ हळूहळू चालू लागले.