हळदीकुंकवाखालचा कोळी

वाळव्याकडच्या एका उसाच्या वाडीत मेलेला कोळी उठला, अशी वर्दी फौजदार धुळा मोटेंना सकाळी मिळाली. वाडीतून निघताना तो कोळी तळहाताएवढा होता. चौकीत पोचेपर्यंत पाटीएवढा झाला.

मोटे पोचले तेव्हा ओसरीवर माणसं रॉकेलचा डबा घेऊन उभी होती. कोनाड्यातल्या काचेच्या पेटीपुढं उत्कर्षा हात पसरून उभी. पेटीतला टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, तिनं पाळलेला. तिचे आजोबा नानासो कालपासून मिरजेच्या दवाखान्यात बेशुद्ध होते, मनगटावर शेजारीशेजारी दोन टोचे. शुक्रवारी ते जमीन तिच्या नावावर करणार होते. आता ते गेले तर ठपका तिच्यावरच येणार होता.

मोटेंनी पेटीत डोकावलं. उत्कर्षानं कोळी एकच पाळला होता. आत दोन होते. एक निपचित, पोकळ डोळ्यांचा. दुसरा त्याच्याकडं तोंड करून उभा.

स्वयंपाकाच्या चंद्राबाई दबक्या आवाजात सांगू लागल्या. काल बारा वाजता कोळी पाय वर करून मेलेला त्यांनी पाहिला. मुका जीव गेला, म्हणून त्यांनी झाकणाच्या फटीवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. दोन वाजता नानासो कोनाड्याखाली झोपेतच कण्हले, "काय तरी चावलं रं." आणि दिवेलागणीला मेलेला कोळी आपल्याच मढ्याभोवती फिरत होता.

नानासो कण्हले तेव्हा त्यांचा पुतण्या राजवर्धन शेजारीच होता. मोटेंनी त्याला विचारलं,

"तुमी कोळी बघितला?"

"व्हय. पेटीतनं आला, चावला, परत आत गेला."

"झाकण?"

"उघडं हुतं. मीच लावलं की, लगीच."

चंद्राबाईंनी चहा आणला. राजवर्धननं त्यातला बिनसाखरेचा कप अचूक उचलला.

मोटेंनी मिरजेला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, विषाचं लक्षण नाही. रक्तातली साखर मात्र तीसवर उतरली होती, आणि नानासोंना मधुमेह नाही. आता ते पापण्या हलवतायत.

मोटे जतच्या माळावर मेंढरांमागं वाढलेले. ते पुन्हा पेटीशी वाकले.

"हे मढं न्हाई, कात हाय. साप टाकतो तशी. व्हय ना, पोरी?"

"व्हय, सायेब. कात टाकताना हा तासन् तास उताणा पडतो. लोकांना वाटतं मेला. नंतर दात इतके मऊ असतात, की झुरळसुद्धा फोडता येत न्हाई. आणि एरवी चावला, तरी मधमाशीएवढंच दुखतं."

"म्हणजे दोन वाजता ह्यो उताणा होता. आणि फटीवरची ही बोटं बघा. वाळल्यात, पण कुठं तुटली न्हाईत. बारापासनं झाकण उघडलंच न्हाई." मोटे वळले. "मग राजवर्धन, तुमी लावलं ते झाकण कुठलं? आणि ह्या घरात साखर उतरवायचं इन्सुलिन घेतं कोण?"

रॉकेलचा डबा कुणीतरी हळूच खाली ठेवला.

कोळ्याचे दात दोन; एका टोच्यानं त्याचा संशय आला नसता, म्हणून सुई दोनदा टोचली होती. जमीन नातीला जाण्याआधी म्हातारा संपावा, नात गजाआड जावी आणि जमीन आपल्याकडं यावी, असा राजवर्धनचा डाव होता. उसाच्या पाचटात फेकलेली सुई त्यानं स्वतःच काढून दिली.

त्याला नेताना वाट कोनाड्यावरूनच होती. कोळ्यानं पुढचा पाय उचलून काचेला टेकवला. राजवर्धन जागीच थांबला.

"सायेब," तो पुटपुटला, "मी ह्याच्यावर खोटा आळ घेतला म्हणून तर ह्यो उठला नसंल?"