उजवा पंख

कचेरीत सगळे त्याला मिलीमीटर म्हणत. छत्तीस वर्षं त्याने यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढली आणि अर्ध्या मिलीमीटरवरून भल्याभल्यांशी भांडणं केली. निवृत्त झाल्यावर ही सगळी खोड त्याने विमानांच्या मॉडेलांत ओतली. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या कापायच्या, सांगाडा उभा करायचा, वर पातळ कागद ताणून रोगण मारायचं. घरात अशी एकोणीस विमानं टांगलेली होती. विसावं मात्र माळ्यावर एका खोक्यात पडून होतं, चव्वेचाळीस वर्षं.

ते त्याने आणि दादाने मिळून करायला घेतलं होतं. दादा त्याचा थोरला भाऊ. टपालाची थैली मागच्या जागेवर टाकून दोन जागांचं छोटं विमान उडवायचा. त्याच विमानाचा प्लॅन एका मासिकाच्या मधल्या पानावर छापून आला, तेव्हा दोघांना कोण आनंद झाला. अशा प्लॅनवर फक्त डावाच पंख काढलेला असतो. उजव्यासाठी कागदाला तेल चोळायचं, म्हणजे रेघा पलीकडे दिसतात, आणि कागद उलटा करून त्यावर दुसरा पंख बांधायचा. मिलीमीटर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कागद उलटा करायचा तो विसरला आणि त्याने दोन्ही पंख डावेच केले.

दादा पोट धरधरून हसला. प्लॅनची चार पदरी घडी त्याने शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "आल्यावर उजवा पंख दोघं मिळून करू. तोवर हात लावू नकोस." त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. विमान उडालं ते उडालंच. ना तुकडा सापडला, ना थैली.

वहिनीच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. ती माहेरी गेली नाही. दिराचं शिक्षण, सासूचं आजारपण, सगळं तिने निभावलं. मिलीमीटरने लग्न केलं नाही, त्यामुळे पुढे घरात दोघंच उरली. आता वहिनी सत्तरीला टेकली होती. डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं होतं आणि काळीज इतकं थकलं होतं, की डॉक्टर पुढच्या तपासणीच्या तारखा द्यायचं टाळू लागले होते. तिने आजवर काही मागितलं नव्हतं. गेल्या महिन्यात चहा पिता पिता म्हणाली, "भाऊजी, ते तुमच्या दोघांचं विमान एकदा पूर्ण करून माझ्या हातात द्या."

म्हणून खोकं खाली आलं. डाव्या पंखावरून उजवा काढता आला असता, पण शेपटीची आणि बसायच्या जागांवरच्या काचेच्या टपाची मापं त्याच पानावर होती. अंदाजपंचे काम करील तो मिलीमीटर कसला? शहरातल्या विमान क्लबाच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्या मासिकाचे सगळे अंक बांधून ठेवलेत असं त्याला कळलं आणि तो तिथे जाऊन थडकला.

खोली लांबलचक होती. लोखंडी कपाटं, धुळीचा आणि जुन्या सरसाचा वास, आणि टोकाला सदा सर्दी झालेल्या ग्रंथपालबाई. त्यांनी गठ्ठा आणून टेबलावर आपटला आणि त्या चार वेळा शिंकल्या. त्याला हवा तो अंक सापडला, पण मधलं पान नव्हतं. दोन गंजक्या पिना आणि कागदाची बोटभर पट्टी एवढंच शिल्लक होतं. बाई म्हणाल्या की हा गठ्ठा त्या इथे आल्यापासून कुणी मागितलाच नाही, आता तुम्हीच पहिले.

प्लॅन पुढे कधी पुन्हा छापला असेल, या आशेने तो पुढचे अंक चाळू लागला. 'वाचकांचे प्रश्न' हे सदर आलं की तिथे रेंगाळायचा. कुणाचं विमान नाकावर पडतंय, कुणाचा कागद सुरकुततोय. दादा गेल्यानंतरच्या पाचव्या महिन्याच्या अंकात एक प्रश्न होता: धाकट्या भावाने दोन्ही पंख डावे केले आहेत, लाकूड वाया न घालवता दुरुस्त कसे करावे? खाली नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. मिलीमीटरला हसू आलं. या छंदात ही चूक न केलेला माणूस दाखवा आणि बक्षीस न्या. संपादकांनी उत्तर दिलं होतं की चिकटवलेला सांधा वाफेवर धरावा.

पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, तोच वाचक. 'भावाने अजून कामाला हात लावलेला नाही, कारण मी तसे सांगून निघालो होतो. सांगितलेले मागे घेता येते का?' संपादकांनी कोरडेपणाने कळवलं होतं की हा विषय या सदराच्या कक्षेबाहेरचा आहे.

त्याने चष्मा पुसला. योगायोग म्हणून सोडून दिलं आणि तिसऱ्या वर्षाचा गठ्ठा उघडला.

'आमची फूटपट्टी नोकरीला लागली,' असं सुरुवातीलाच होतं. 'आता तरी पंखाचे बघेल असे वाटते.'

मिलीमीटर हे नाव कचेरीचं. त्याला फूटपट्टी म्हणणारा माणूस जगात एकच होता. त्याने गठ्ठा मिटला, बाईंकडून पाणी मागून घेतलं आणि घरी आला. वहिनीला त्याने काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी शेपटीची जुनी फळी सोडवताना ब्लेड सटकलं आणि डाव्या अंगठ्यात घुसलं.

दुसऱ्या दिवशी तो क्लब उघडायच्या आधीच दारात उभा होता. आपल्याला भीती वाटतेय हे त्याला कळत होतं. पण त्याहून जास्त दादाची आठवण येत होती. त्याने एकेक वर्ष उपसलं. दर वर्षी त्याच महिन्यात एक पत्र. आई गेली ते त्यात होतं. घराला रंग दिला तो कुठला, तेही होतं. एका वर्षी फक्त एवढंच होतं, की ही अजून संध्याकाळी खिडकीत बसते, तिला कुणीतरी बसू नको म्हणा.

मासिक वीस वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. त्या शेवटच्या वर्षाचं पत्र असं सुरू होत होतं: 'खोके अखेर माळ्यावरून उतरले. काल संध्याकाळी त्याने अंगठा कापून घेतला. डावा. फार खोल नाही.'

त्याने अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग अंकावरची तारीख पाहिली. मग पुन्हा पट्टीकडे.

पुढे लिहिलं होतं: 'प्लॅन माझ्याजवळच राहिला होता, तो परत ठेवला आहे. विमानाला जागा दोन आहेत. उजवा पंख लागला की मी हिला न्यायला येतो. ती केव्हाची तयार आहे. पण फूटपट्टीला विचारल्याशिवाय नको.'

त्याखाली संपादकांचं एका ओळीचं उत्तर होतं. 'त्याने हे वाचले आहे.'

त्याने पहिला गठ्ठा पुन्हा मागितला. बाईंनीच तो उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, मधलं पान तर आहेच की. काल उगाच नाही म्हणालात." मग त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली. "पण हे ओलं कसं?"

पानाला चार पदरी घडीच्या खुणा होत्या. शर्टाच्या खिशात बसेल एवढीच घडी.

बाईंनी झेरॉक्स काढून दिली. पुढचे बारा दिवस त्याने जीव ओतून काम केलं. शेपटी झाली, टप झाला, तेल चोळून आणि कागद दोनदा तपासून उजवा पंखही झाला. टप त्याने चारी बाजूंनी गोंद भरून पक्का बसवला. जुना डावा पंख जागेवर होताच. उजवा मात्र त्याने कपाटात ठेवून दिला. जोडला नाही.

वहिनी रोज विचारायची आणि तो रोज गोंद वाळतोय म्हणून सांगायचा. तेराव्या दिवशी दुपारी ती भिंतीला धरत धरत टेबलापाशी आली. नाकापासून सुरुवात करून तिने विमान चाचपलं. डावीकडचा पंख हाताला लागला. उजवीकडे बोटं हवेत फिरली.

"तुमचा गोंद कधीपासून एवढा आळशी झाला, भाऊजी?"

मग त्याच्याने राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं, पत्रं, प्लॅन, सगळं. ती वेड्यात काढेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त टपावर हात ठेवला, लहान मुलाचं डोकं कुरवाळावं तसा.

"म्हणजे विचारलं त्यांनी तुम्हाला?"

"हो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी 'नाही' म्हणतोय, वहिनी. तुम्ही गेलात तर मी या घरात कुणासाठी राहू?"

तिने चाचपून त्याचा हात हातात घेतला. मग त्याच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यावरून तिने हात फिरवला. "बरं," ती म्हणाली. "राहू दे मग." आणि आली तशी भिंतीला धरून परत गेली. त्याने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

सकाळी उठल्यावर किल्ली खिशातच होती.

कपाटाला कुलूप होतं.

टेबलावर विमान दोन्ही पंख पसरून उभं होतं.

उजव्या पंखाचा सांधा पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला होता. दादाचा टाचण्यांवर कधी विश्वास नव्हता. गोंद वाळेपर्यंत तो सांधा दोऱ्यानेच आवळायचा आणि उरलेलं टोक दातांनी तोडायचा. हे टोकही चावलेलं होतं आणि अजून ओलं होतं.

तो वहिनीच्या खोलीकडे धावला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती. केस विंचरलेले, पायात बाहेरच्या चपला. हात गार पडले होते. ते हातात घेऊन त्याने एकेक बोट उलटंसुलटं करून पाहिलं, नखांच्या फटींतसुद्धा. गोंदाचा एकही डाग नव्हता.

तो किती वेळ तिथे बसून रडला, ते त्याला कळलं नाही. मग डॉक्टरांना फोन करायला म्हणून आपल्या खोलीत आला. उन्हं टेबलावर आली होती.

विमानाच्या टपावर दोन ठिकाणी काच धुरकटली होती. त्याने बाहीने पुसलं. गेलं नाही. धुरकटपणा आतल्या बाजूने होता, एक ठिपका पुढच्या जागेवर, एक मागच्या.

तो वाकून पाहत राहिला. मागचा ठिपका हळूहळू मोठा झाला, मग लहान झाला, मग पुन्हा मोठा झाला.