रीतिसेतू

नीलद्वीपावर पंधरा-वीस देशांची माणसं एकत्र राहत, आणि तिथे भांडण क्वचितच होई. हिंदी महासागरात तरंगणाऱ्या या वीजकेंद्रावर प्रत्येकाच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवलेलं असे. त्याचं नाव रीतिसेतू.

भाषांतर करणारी यंत्रं त्याआधीही होती. हे यंत्र शब्दांबरोबर रीतही बदलत असे. जपानी अभियंता 'बघू या' म्हणाला तर तो बहुधा नकार असतो. मराठी माणूस त्यावर आशेनं बसून राही. डच माणसानं सरळ 'हे चूक आहे' म्हटलं, की तोच मराठी माणूस दुखावला जाई. कोणती गोष्ट कोणापुढे किती उघड बोलावी याबाबत प्रत्येक जनसमूहाचं एक सर्वसाधारण मत असतं. नीलद्वीपावरच काम करणाऱ्या डॉ. इरावती टिपणीस त्याला 'कल' म्हणत. जगभरच्या पाहण्यांवरून त्यांनी हे कल गणितात बसवले आणि सेतू घडवला. ऐकणाऱ्याच्या समूहाचा कल पाहून तो बोलणं त्याच्या रीतीत उतरवून देई. पुढे सेतू जगभर, अगदी दवाखान्यांतही पोचला आणि कितीतरी भांडणं वेळीच मिटली.

भास्कर मेश्राम हा तिथल्या खोल पाण्यात उतरून काम करणाऱ्या पाणबुड्यांच्या तुकडीचा प्रमुख, मूळचा चंद्रपूरचा. खोकल्यातून रक्त पडू लागलं म्हणून त्यानं तपासण्या करून घेतल्या. निकाल सांगताना आनेके या डच डॉक्टर बराच वेळ बोलत होत्या. भास्करला मात्र इतकंच ऐकू आलं : "औषधं सुरू करू. काळजी करू नका. घरच्यांशी मी बोलते."

आनेकेंचे डोळे भरून आले होते. भास्कर तिथून उठला तो थेट इरावतींकडे आला.

"बाई, डॉक्टर पुष्कळ बोलल्या. माझ्यापर्यंत तीनच वाक्यं आली. बाकीची कुठे गेली?"

इरावतींना उत्तर माहीत होतं. "तुमच्या भागात असं काही आजाऱ्याला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. सेतूनं तेच केलं असणार."

"असं काही म्हणजे?"

"जिवावरचं दुखणं," त्या म्हणाल्या.

"मला विचारलं का सेतूनं?"

"तो एकेका माणसाला विचारत नाही, भास्करराव. समूहाचा कल बघतो."

"पुढच्या आठवड्यात मी इथल्या नव्या करारावर सही करणार होतो," भास्कर म्हणाला. "मुलगी दहावीला आहे. माझ्याजवळ किती वेळ आहे, ते मला कळायला हवं."

कामाच्या वेळी सेतू काढणं नीलद्वीपावर नियमाबाहेरचं होतं. इरावतींनी स्वतःच्या कानामागचा सेतू काढून टेबलावर ठेवला, त्याचाही काढला आणि म्हणाल्या, "चला, मी सांगते."

दवाखान्यात आनेके इंग्रजीत बोलल्या आणि इरावतींनी ते मराठीत सांगितलं. आजार दोन्ही फुप्फुसांत पसरला होता, बरा होणारा नव्हता. वर्ष मिळालं तरी पुष्कळ. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. भास्करनं शांतपणे विचारलं, चालता-फिरता कधीपर्यंत येईल, दुखेल किती, पाण्यात उतरणं कधी बंद करायचं. मग त्यानं आनेकेंना हात जोडले.

त्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला. बायकोला, रंजनाला, त्यानं सगळं स्वतः सांगितलं.  ती म्हणाली, "घरी या. जे करायचं ते इथं मिळून करू."

निघायच्या दिवशी इरावती त्याला धक्क्यावर पोचवायला आल्या.

"आमच्याकडे माझ्यासारखे किती निघतील? खरं ऐकायचंय म्हणणारे?" त्यानं विचारलं.

"कालच ताजी पाहणी पाहिली मी," त्या म्हणाल्या. "सेतू आला तेव्हा शंभरातल्या चाळीस जणांना ऐकायचं होतं. चाळीस म्हणजे निम्म्याहून कमी, म्हणून मी कल 'सांगू नये' असा धरला. आता, इतक्या वर्षांनी, शंभरात चारही नाहीत."

"एवढी माणसं कशी बदलली?"

"ज्यांना ऐकायचं होतं त्यांनाही कोणी सांगितलं नाही. इतरांनाही कोणी सांगत नाही, हे ते बघत राहिले. हळूहळू विचारायचंच थांबले."

बोटीचा भोंगा झाला. भास्करनं पिशवी खांद्यावर घेतली.

"म्हणजे तुमच्या यंत्रात आता काही चूक नाही."

"नाही," इरावती म्हणाल्या. "आता ते अगदी बरोबर आहे."