बर्फाखालून आलेला आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी आंबागडला यावं आणि हेमराजच्या उजव्या हाताची बोटं बघावीत.

मागच्या वर्षीचा मे महिना. सकाळचे आठ वाजले होते. किल्ल्याखालच्या जंगलात हेमराज आणि त्याची बायको उर्वशी तेंदूपत्ता तोडत होते.

हेमराज सैन्यातून निवृत्त झालेला. शेवटची नेमणूक काश्मीरच्या बर्फात. गस्तीच्या पुढे चालायचं, आणि उतार पार करण्याआधी कमरेइतका खड्डा खणून बर्फाचे थर बघायचे, हे त्याचं काम. वरच्या ताज्या बर्फाखाली साखरेसारखा भुसभुशीत थर असेल, तर अख्खा उतार निसटतो.

त्याच्या तीन वर्षं आधी, काश्मिरात, एका सकाळी त्यानं तो खड्डा खणला नाही.

रात्रभर वारा सुटला होता, निघायला उशीर झाला होता. "काही होत नाही, चला," असं म्हणून तो पुढे झाला. उताराच्या मध्यावर पायाखाली आवाज आला...

धप्प.

मग वरून पांढरी भिंतच खाली आली.

बाकीचे वाचले. गस्तीतला पवनीचा भुपेंद्र तेवढा सापडला नाही. त्याचा देह चौथ्या दिवशी मिळाला.

खड्ड्याबद्दल हेमराज कोणाजवळ बोलला नाही. उर्वशीजवळही नाही.

तर त्या सकाळी... जंगलातली पाखरं एकाएकी गप्प झाली.

पलीकडे पानं तोडणाऱ्या बाया बोलत होत्या. त्यांचाही आवाज येईना.

हेमराजनं पाऊल टाकलं...

धप्प.

तो जागीच थिजला. कोरड्या पाचोळ्याखालची जमीन बोटभर खाली बसली होती.

"काय झालं जी?" उर्वशीनं विचारलं.

"हलू नको."

मग जमिनीतून आवाज आला. दबका... कोणीतरी गोधडीत तोंड खुपसून बोलावं तसा.

उर्वशीनं खाली वाकून कान लावला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हा तं तुमचाच आवाज हाये."

"काय म्हणते?"

"हिंदीत बोलून राहिले तुमी. 'यहाँ कुछ नहीं है, आगे चलो.' तेच तेच."

हेमराज तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

शब्द त्याचेच होते. शोधाच्या पहिल्या तासात बर्फात दोनदा काठी खुपसून तो साथीदारांना हेच म्हणाला होता. चौथ्या दिवशी भुपेंद्र नेमका त्याच जागेखाली निघाला. फक्त हातभर खोल.

बर्फात गाडलेल्याला कधी कधी वरचं बोलणं ऐकू येतं. त्याची हाक मात्र वर पोचत नाही.

हेमराज हातांनी माती उकरू लागला. मे महिन्यातली जमीन, दगडासारखी असायला हवी. ती भुसभुशीत होती. गार होती. खाली खाली तर बर्फच.

बोटं बधिर झाली. आवाज थांबला.

आणि आतून कोणीतरी त्याची बोटं धरली...

हेमराजनं हिसका देऊन हात सोडवला. उर्वशीला ओढत तो जंगलाबाहेर पळाला.

बोटांची टोकं काळी पडली होती. तुमसरच्या डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "अशी जखम बर्फात होते," ते म्हणाले. "तुमाले इथं कशी झाली?"

त्या संध्याकाळी त्यानं उर्वशीला सगळं सांगितलं.

"पवनीले जा," ती म्हणाली. "त्याच्या मायले सांगा."

तिसऱ्या दिवशी तो गेला. भुपेंद्रची आई, सत्यभामाबाई, ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. हेमराजनं हात पाठीमागे लपवला आणि मान खाली घालून सांगितलं. न खणलेला खड्डा. दोनदाच खुपसलेली काठी. जंगलातलं मात्र काहीच बोलला नाही.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. डाळ निवडणं थांबलं नाही.

मग हळूच म्हणाली, "परवा त्यानं तुया हात धरला होता ना, बाबू. मंग सोडवून काहून घेतला?"

ही गोष्ट उर्वशीखेरीज कोणालाच माहीत नव्हती.

अजूनही काही सकाळी तो किल्ल्याखाली त्या जागेवर जाऊन बसतो. मातीवर हात ठेवतो...

खणायची हिंमत होत नाही. उठून यायचीही नाही.