बरणीतली काळी शाई

"मृण्मयीताई, पळ! इंदूनं कुत्र्याच्या छत्र्या खाल्ल्या!"

सकाळच्या नाश्त्याची, मुरमुऱ्याच्या सुशीलाची बशी तशीच ठेवून मृण्मयी धावली. लातूरच्या त्या वसतिगृहात कुणाची क्लिप हरवली तरी पहिली हाक दहावीतल्या मृण्मयीलाच.

खोलीत पाचवीतली इंदू ओकत होती. रेक्टर नीलाबाईंनी तिला उचललं, रिक्षात घातलं.

"मंजुश्री, सामान बांध! आजच घरी जायचं!" निघता निघता त्या ओरडल्या.

नववीतली मंजुश्री भिंतीला चिकटून उभी. जळकोटची पोरगी, कुणाशी न बोलणारी. तिचं सगळं जग त्याच खोलीच्या खिडकीतल्या काचेच्या बरणीत: माती, शेवाळ, एक इवलं नेचं. त्यात काल लावलेल्या तीन पांढऱ्या रानछत्र्या. मैदानातून शेणाच्या गोळ्यासकट उचललेल्या.

"ताई, घरी पाठवलं तर आण्णा शाळाच बंद करतेत."

"बरणीला झाकण?"

"न्हाई."

"विषारी असतील, हे इंदूला सांगितलंस?"

"तिच्याशी कधी बोललेच न्हाई मी."

मृण्मयीनं काचेला नाक लावलं. पांढऱ्या टोप्या गायब. देठ मात्र तिन्ही ताठ. शेवाळावर काळे डाग. नेच्याआड एका देठाच्या टोकाला काळा थेंब लोंबत होता.

"शाई कुणी सांडली?"

"आमच्याकडं शाईचा पेन कुठला?"

तेवढ्यात नीलाबाईंचा फोन: इंदूचे कपडे आण. इंदूच्या कॉटखाली पिशवी तयारच होती. फ्रॉक, टॉवेल, रिकामा खाऊचा डबा. टॉवेलची घडी तर अगदी इस्त्रीसारखी.

मृण्मयी हसली. मग पुन्हा त्या घडीकडं बघितलं आणि तिचं हसू मावळलं.

दवाखान्यात इंदूचा पहिला प्रश्न, "बाबा किल्लारीहून निघाले का?"

डॉक्टर म्हणाले, "उलटीत नुसते मुरमुरे. पण रानछत्रीचं विष उशिरा चढतं, म्हणून सोडत नाही."

मृण्मयी कॉटवर बसली. "कशा लागल्या गं?"

"गोड."

"रंग?"

"पांढऱ्याफेक."

"कशा खाल्ल्यास?"

"उपटून. देठासकट."

"कधी?"

"आत्ताच. सुशीला खाल्ल्यावर."

बरणी कुशीत धरून मंजुश्री दारात येऊन थांबली होती. मृण्मयी उठली. तिला असं सगळ्यांसमोर बोलायला भारी आवडायचं, पण आज आवाज हळू निघाला.

"बाई, इंदूनं एकही छत्री खाल्लेली नाही. देठासकट उपटल्या, तर देठ बरणीत कसे? मला आत्ता आठवलं, ही शेणावरची छत्री रात्रीत आपोआप वितळते, तिची शाई होते. हा थेंब बघा. सकाळी पांढरं काही उरलंच नव्हतं. आणि अचानक ओकणारी पोरगी आधीच टॉवेलची घडी करून ठेवते?"

"मग ओकली कशी?"

"बोट घातलं घशात," इंदू उशीत पुटपुटली. "बाबा म्हणले होते, छत्रीला हात लावला तरी मरशील. मग म्हणलं, आता तरी येतील. दर रविवारी म्हणतेत, पुढच्या रविवारी येतो. जीपला भाडं हाय म्हणे."

"हात लावून कुणी मरत नाही गं. खाल्लं तर मात्र जीव जातो. म्हणून लहान पोरी असतात तिथं बरणीत असलं ठेवायचंच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. तरी संध्याकाळपर्यंत इंदूला ठेवूनच घेतलं.

नीलाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "मंजुश्री, सामान सोड. पण ते देठ आजच बाहेर टाक." मग त्यांनी इंदूच्या बाबांना, किशनरावांना, फोन लावला. जीप औशाला पोचली होती. फोन स्पीकरवर होता.

"पोरगी बरी हाय ना? मग माघारी फिरतो. पुढच्या रविवारी येतोच."

इंदूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. 

मंजुश्रीनं देठ उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकले. हात धुतले. मग बरणी इंदूच्या उशाशी ठेवली.

"इंदू," ती पहिल्यांदाच म्हणाली, "नेच्याला नाव न्हाई अजून. काय ठेवायचं?"

इंदू वळली नाही. पण भिंतीकडूनच आवाज आला.

"रविवार."