वेणीचा फोटो

"आवं, वेणी घालताय की बैलाचं दावं वळताय?"

उदयसिंहनं मान वर केली. सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांना भेटायच्या खोलीत तो बाकावर बसला होता. पुढ्यात त्याची सात वर्षांची लेक ईश्वरी, दातांत रिबन धरून. दारात एक बाई हसत उभी होती.

"फौजेत वेणी शिकवत न्हाईत," तो म्हणाला.

"मग हितं शिका!"

ती ब्राह्मी, माधवनगरची. मुलाच्या ताब्यासाठी तिचीही केस चालू होती. उदयसिंह कोरेगावहून यायचा. बायको वारली तेव्हा तो सीमेवर होता. सासूसासऱ्यांनी नातीला सांगलीला नेलं, ते परत देईनात. तारीख पडायची, साहेब रजेवर असायचे, पुन्हा तारीख. दमून तो बाकावर टेकला की ब्राह्मी डबा उघडायची. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम होता.

"यात कांदा न्हाई व्हय?"

"जैनाच्या डब्यात कांदा शोधताय... लय आशा हाय तुमाला!"

तो हसला. शेवटचं कधी हसलो होतो, ते त्याला आठवेना.

एक दिवस त्याचे वकील शंभूराज म्हणाले, "लेकीसोबतचा तुमचा फोटो द्या. तुम्हाला तिचं काही करता येत नाही, असं तुमच्या सासऱ्यांनी कोर्टात लिहून दिलंय."

फोटो नव्हता. सुट्टीवर आला की फोन त्याच्याच हातात असायचा. सगळ्या फोटोंत मायलेकी. ते फोटो तो आता उघडतही नव्हता.

ब्राह्मीनं आपला फोन पुढं केला. पहिल्या दिवशी तिनं दारातून काढलेला फोटो — वाकडी वेणी, आणि ती घालताना घामेजलेला तो.

"झकास!" वकील म्हणाले. "पण फोन यांचा, म्हणजे फोटो खरा असल्याची सही यांची. साक्षीच्या पिंजऱ्यातही यांनाच उभं राहावं लागेल. विचारतील, तुम्ही यांच्या कोण?"



"ऱ्हाऊ द्या फोटो," उदयसिंह म्हणाला. "माझ्यापायी यांना बोल नको."

"मला इचारलं का?" ब्राह्मीनं डब्याचं झाकण दाबून लावलं.

आणि ती पिंजऱ्यात उभी राहिली.

"तुमच्या केसचा निकाल उन्हाळ्यातच लागला," सासऱ्यांचे वकील म्हणाले. "मुलगा तुमच्याकडे आहे. मग यांच्या प्रत्येक तारखेला इथं कशाला येता?"

उदयसिंहनं चमकून पाहिलं. तिचीही तारीख नेमकी त्याच दिवशी पडते, असंच तो समजत होता.

"वेणी नीट पडते का, ते बघायला."

"उडवाउडवी नको. हे तुमचे कोण?"

"अजून कोणी नाहीत, साहेब... त्यांनी विचारलंच नाही."

मागं कोणीतरी हसलं. न्यायाधीश बाई मात्र बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, दिवाळीची सुट्टी मुलगी वडिलांकडे काढेल. बाकीचं पुढच्या तारखेला.

बाहेर ऊन उतरलं होतं.

"दिवाळीत कोरेगावला याल?" त्यानं विचारलं.

"वेणी घालायला?"

"न्हाई..." तो पुटपुटला. "इचारायचं ऱ्हायलं होतं, ते इचारतोय."

ब्राह्मीनं डबा त्याच्यापुढं सरकवला.

"दिवस मावळतोय. आधी जेवा. मग परत इचारा — जरा मोठ्यानं."